अद्भुत, अपह्नुती आणि गुप्त विमान

अलंकारशास्त्रात ‘भ्रांतिमान’ आणि ‘ससंदेह’ असे दोन शेजारी अलंकार आहेत. पहिल्यात पाहणारा एका वस्तूला निःशंकपणे दुसरीच वस्तू समजतो. दुसऱ्यात ‘ही की ती’ असे त्याचे मन दोलायमान राहते. जेराल्ड हेन्स या इतिहासकाराने 1997 साली अमेरिकन गुप्तचर संस्थेच्या ‘स्टडीज इन इंटेलिजन्स’ या नियतकालिकात उडत्या तबकड्यांविषयी जो प्रबंध लिहिला, तो वाचताना या भेदाचे वारंवार स्मरण होते. सरकारी दप्तरावर आधारलेले असे लेखन साहित्याच्या दृष्टीने सहसा कोणी वाचत नाही. परंतु त्याचा खरा विषय साक्षीदाराचे निवेदन हा आहे, आणि निवेदनाची परीक्षा हे टीकाकाराचेच काम होय.

हेन्सच्या प्रतिपादनाचा गाभा असा. 1955 साली ‘यू-2’ या टेहळणी विमानाची उड्डाणे सुरू झाली. प्रवासी विमाने त्या काळी दहा ते वीस हजार फुटांवरून जात. हे विमान साठ हजार फुटांवरून. प्रारंभीची यू-2 विमाने रुपेरी रंगाची होती. एवढ्या उंचीवर, सूर्य पृथ्वीवरील क्षितिजाखाली सुमारे चार अंश उतरल्यावरही त्याचे किरण पोहोचतात. खाली अंधार पडलेला आणि वर एक निःशब्द, पेटलेला ठिपका! वैमानिकांनी आणि सामान्य नागरिकांनी हे दृश्य कळवले, यात त्यांची चूक ती कोणती? त्या उंचीवर माणसाचे यंत्र असू शकते हेच त्यांना ठाऊक नव्हते. डोळ्यांनी दिलेली साक्ष खरी होती. अनुमानाला लागणारा एक दुवा मात्र सरकारी तिजोरीत बंद होता.

गंमत अशी की, ज्या यंत्राने सृष्टीचे नियम झुगारल्यासारखे वाटले, त्याचा चालक त्याच नियमांच्या कचाट्यात बसलेला असे. तेथील विरळ हवेत वेग थोडा घटला तर पंखांचा आधार सुटतो आणि थोडा वाढला तर विमान थरथरून मोडू पाहते. या दोन मर्यादांमधील अंतर कधी कधी ताशी दहा सागरी मैलांहूनही कमी उरत असे. पुढच्या यंत्रांचीही कथा निराळी नाही. ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने जाणाऱ्या ‘ए-12’ला (पहिले उड्डाण 1962) हवेच्या घर्षणाने इतके तापावे लागले की ॲल्युमिनियम सोडून टायटॅनियमची कास धरावी लागली. रडारला चकवणारे ‘एफ-117’ 1981 मध्ये उडाले आणि 1988 च्या नोव्हेंबरापर्यंत अमेरिकेने त्याचे अस्तित्वच मान्य केले नाही. पण त्याच्या विचित्र पैलूदार आकारामागील गणिताला ज्याचा आधार मिळाला, तो उफिम्त्सेव्ह यांचा ग्रंथ मॉस्कोत 1962 सालीच उघडपणे छापला गेला होता. धातू, आकार आणि कारागिरी लपवता आली. जडत्व आणि उष्णता यांचे नियम कोणालाही लपवावे लागले नाहीत, कारण ते सर्वांचेच होते.

येथवर हेन्सशी आपले जुळते. पुढे मात्र त्याचा प्रबंध सैल पडतो. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1960 च्या दशकाअखेरपर्यंतच्या निम्म्याहून अधिक वार्ता या टेहळणी विमानांच्याच होत्या, असे तो सांगतो. आधार काय, तर त्या योजनांत काम केलेल्या अधिकाऱ्यांचा मागाहून केलेला अंदाज. मोजदाद नाही. शिवाय तबकड्यांची पहिली लाट 1947 ची आणि वॉशिंग्टनवरील गाजलेला प्रसंग 1952 चा. तेव्हा यू-2 जन्मालाही आले नव्हते. गुप्त विमान हे एक उत्तर आहे, सर्व कुलुपांची किल्ली नव्हे.

याहून गंभीर आक्षेप प्रबंधाच्या नैतिक बाजूचा. हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ चौकशीतील मंडळी गुप्तचर संस्थेकडून उड्डाणांची खात्री करून घेत आणि मग लोकांना सांगत की, तुम्ही पाहिलेत ते हिमकण होते, उष्ण-थंड हवेच्या थरांचा खेळ होता. साहित्यशास्त्रात याला ‘अपह्नुती’ म्हणतात: खरे नाकारायचे आणि त्या जागी दुसरे स्थापायचे. कवी अपह्नुती करतो तेव्हा रसिकाला दोन्ही बाजू दिसत असतात. येथे एकच बाजू दाखवली गेली. जनतेची दिशाभूल झाली हे हेन्स प्रांजळपणे मान्य करतो, पण एक-दोन परिच्छेदांत आटोपतो. ज्यांना आपल्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला सांगितले गेले, त्यांचा आवाज त्याच्या पानांत कोठेच ऐकू येत नाही.

अमेरिकन नौदलाच्या विमानातून 2015 साली टिपलेली एक चित्रफीत पुढे फार गाजली. समुद्राच्या पृष्ठालगत काहीतरी विलक्षण वेगाने धावते आहे, असे तीत वाटते. नासाच्या समितीने 2023 मध्ये पडद्यावरचेच आकडे घेऊन साधी त्रिकोणमिती केली. वस्तू सुमारे तेरा हजार फुटांवर होती आणि तिचा वेग ताशी चाळीस मैलांच्या आसपास, म्हणजे वाऱ्याइतका. उरलेला वेग टिपणाऱ्या विमानाचा स्वतःचा. ही आकडेमोड कोणालाही ताडून पाहता येते. 1950 च्या दशकात हवाई दलाला पत्रे लिहिणाऱ्या नागरिकांना असे काहीच हाती दिले गेले नव्हते. त्यांच्या वाट्याला हिमकण आले.