लिनक्स सर्व्हरमधील स्वॅप जागा : ‘दुप्पट’च्या नियमाची चिकित्सा

प्रस्तावना : देगलूर हे नांदेड जिल्ह्यातील तेलंगण सीमेलगतचे तालुक्याचे गाव. अशा ठिकाणच्या महाविद्यालयीन ग्रंथालयाला ‘कोहा’ ही लिनक्सवर चालणारी मुक्त संगणकप्रणाली परवडते. सर्व्हरची रॅम वाढविणे मात्र सहज परवडत नाही. साहजिकच हार्ड डिस्कवरील स्वॅप जागेवर भिस्त ठेवली जाते. ती ‘रॅमच्या दुप्पट’ असावी, हा प्रचलित नियम कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

नियमाचे मूळ : रॅम अपुरी पडू लागली की कर्नल फारशी वापरात नसलेली स्मृतिपृष्ठे स्वॅपमध्ये हलविते. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नलच्या आरंभीच्या आवृत्त्यांत, रॅममध्ये परतलेल्या पृष्ठाची स्वॅपमधील जागाही अडून राहत असे. त्यामुळे दुप्पट जागेची शिफारस तेव्हा सयुक्तिक होती. त्याच वर्षी २.४.१० आवृत्तीत स्मृतिव्यवस्थापन बदलले. नियम मात्र पाठांतरात टिकून राहिला.

विवेचन : रेड हॅटच्या मार्गदर्शिकेत २ जीबीपर्यंत रॅम असल्यास दुप्पट, २ ते ८ जीबीपर्यंत रॅमइतकी आणि त्यापुढे किमान ४ जीबी स्वॅप सुचविली आहे. म्हणजे रॅम वाढते तसे प्रमाण घटते. याचे कारण वेगात आहे. साधी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १०० विखुरलेली वाचने करते. ४ केबीचे एकेक पृष्ठ स्वतंत्रपणे वाचावे लागल्यास १ जीबी मजकूर परत आणण्यास चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल. ग्रंथ देवघेवीच्या खिडकीपुढे विद्यार्थी रांगेत असताना असा सर्व्हर चालू असूनही निरुपयोगी ठरतो.

स्वॅप मुळीच न ठेवणे हे दुसरे टोक होय. स्मृती संपताच कर्नल एखादी प्रक्रिया सक्तीने बंद करते. सर्वाधिक स्मृती व्यापणारी प्रक्रिया प्रथम बळी पडण्याचा संभव असतो आणि कोहाच्या सर्व्हरवर ती बहुधा डेटाबेसचीच असते.

निष्कर्ष : ४ जीबी रॅमच्या सर्व्हरला ४ जीबीची स्वॅप फाइल ही योग्य सुरुवात होय. स्वतंत्र विभाजनापेक्षा फाइलचा आकार पुढे बदलणे सोपे जाते. गर्दीच्या वेळी ‘व्हीएमस्टॅट’मधील ‘एसआय’ व ‘एसओ’ हे स्तंभ सातत्याने शून्याहून अधिक दिसल्यास स्वॅप वाढविणे हा उपाय नव्हे; रॅमच हवी. या आकड्यांची नोंद ठेवल्यास संस्थेकडे करावयाच्या मागणीला पुराव्याचा आधार मिळेल. स्वॅप ही अडचणीच्या वेळची उसनवारी आहे. तिच्यावर रोजचा संसार चालत नाही.