अंतिम भागाचा प्रश्न : एक बालविनोदी मालिका आणि काल्याचे कीर्तन

१

मराठी समीक्षेने कादंबरीच्या शेवटाचा विचार केला आहे. शोकात्मिकेच्या शेवटाचा तर पुष्कळच केला आहे. बालविनोदाच्या शेवटाचा विचार मात्र बहुधा तात्पर्यापाशी थांबतो. गोष्ट संपली म्हणजे तिच्यातून काय शिकायला मिळाले, एवढाच प्रश्न तिला विचारला जातो. ती संपली कशी आणि संपताना तिने ऐकणाऱ्या मुलाला कोठे आणून सोडले, हा कथनमीमांसेचा प्रश्न आहे, आणि तो क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात तो दोन समाप्तींच्या आधारे मांडण्याचा हेतू आहे. त्यांतील एक आहे ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेचा अखेरचा भाग. दुसरी समाप्ती म्हणजे मावळातील गावोगावच्या हरिनाम सप्ताहांची सांगता करणारे काल्याचे कीर्तन.

ही जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटेल. परंतु लोणावळा-कामशेत परिसरातील आजचे मूल या दोहोंचाही आस्वाद घेत असते : सकाळी देवळापुढच्या मांडवात आणि संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यासमोर. ही जोडी त्यानेच आपल्या दिनक्रमात लावलेली आहे. समीक्षेने तिची केवळ दखल घ्यायची आहे.

२

विनोदी बालमालिकेचा रूपबंध मूलतःच शेवटाला प्रतिकूल असतो. उम्बेर्तो एको यांनी १९६२ साली ‘सुपरमॅन’वरील आपल्या निबंधात दाखवून दिले की, अशा कथांतील नायक काळाने झिजता कामा नये. म्हणून प्रत्येक कथा आरंभबिंदूकडे परतते आणि मागील कथेत काय घडले याचे ओझे पुढील कथा वाहत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये अवतरला. त्या चित्रपट्टिकेचे पहिले बालवाचक आज स्वतः पालक आहेत. चिंटू मात्र शाळकरीच राहिला. हा त्या निर्मितीचा दोष नव्हे, ती या रूपबंधाची अटच आहे. उद्याही हाच मुलगा, हीच गल्ली आणि हीच आई असणार, या हमीवर बालविनोदाचे हसू उभे असते.

फ्रँक कर्मोड यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात घड्याळाच्या ‘टिक्-टॉक्’चा दाखला दिला आहे. दोन ठोके वस्तुतः सारखेच असतात. आपण मात्र पहिल्याला आरंभ आणि दुसऱ्याला शेवट मानतो आणि त्यायोगे मधल्या रिकाम्या काळाला आकार देतो. या परिभाषेत बोलायचे तर बालविनोदी मालिका ही नुसत्या ‘टिक्’ची माळ असते. अंतिम भागाने अचानक ‘टॉक्’ म्हणायचे असते. आजवर प्रत्येक भागाने जे टाळले तेच या एका भागाला करावे लागते : काळ सरतो हे कबूल करावे लागते. ही कबुली विनोदाचा गळा न आवळता कशी द्यावी, हा अंतिम भागाचा खरा पेच होय.

३

अलेक्स हर्श यांची ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ ही मालिका २०१२ ते २०१६ या काळात चाळीस भागांत प्रसारित झाली. डिपर आणि मेबल ही बारा वर्षांची जुळी भावंडे उन्हाळ्याच्या सुट्टीत ओरेगॉनमधील एका आडगावी आपल्या चुलत आजोबांकडे पाठवली जातात. हे स्टॅनआजोबा बनावट चमत्कारिक वस्तूंचे एक दुकानवजा संग्रहालय चालवतात आणि भोळ्या पर्यटकांना राजरोस लुबाडतात. गावाच्या रानात मात्र खरोखरीचे चमत्कार दडलेले असतात. मालिकेला एक कॅलेंडर आरंभापासूनच बहाल केलेले आहे : सुट्टी. ‘चिंटू’ची पट्टिका अनंत चालू शकते, सुट्टी चालू शकत नाही. अंतिम भागाची बीजे अशा रीतीने पहिल्याच भागात, मुलांच्या आगमनात, पेरलेली आहेत.

१५ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रथम दाखवलेल्या अंतिम भागात चार कथनप्रयुक्ती विशेष लक्षात येतात.

पहिली प्रयुक्ती हजेरीची. बिल सायफर या त्रिकोणी दैत्याने गावावर अराजक लादले आहे. त्याचा नाश करण्यासाठी दहा चिन्हांच्या वर्तुळावर दहा माणसांनी हात धरून उभे राहावे, असे भाकीत असते. मालिकेतील लहानमोठी पात्रे एकेक करून आपापल्या चिन्हावर उभी राहतात. अनुभवी प्रेक्षकाला वाटते की, शेवट हाच. परंतु स्टॅन आणि त्याचा जुळा भाऊ फोर्ड यांच्यात वर्षानुवर्षांचा दुरावा आहे. परलोकात हरवलेल्या फोर्डला परत आणण्यासाठी स्टॅनने तीस वर्षे घालवलेली असतात; त्याला आभाराचा एक शब्द हवा असतो. तो शब्द फोर्ड कसाबसा उच्चारतो आणि लगोलग स्टॅनच्या वाक्यातली व्याकरणाची चूक काढतो. भांडण जुंपते, हात सुटतात, वर्तुळ मोडते. जगाचा उद्धार एका सर्वनामाच्या क्रमावरून अडतो, ही घटना भाषेच्या अध्यापकाने अंतर्मुख होऊन पाहावी अशी आहे. येथे भाकितावर बेतलेला तयार शेवट विनोदाने नाकारला जातो. अंतिम भाग हजेरी घेतो, पण केवळ हजेरीने समाप्ती होऊ देत नाही.

दुसरी प्रयुक्ती जुन्या विनोदाच्या अर्थांतराची. स्टॅन हा लबाड आहे, ही मालिकेची सर्वांत जुनी गंमत. तीस वर्षे तो भावाच्याच नावाने वावरत आलेला असतो. अखेरीस दोघे भाऊ कपडे बदलतात, आणि फोर्डच्या वेषातला स्टॅन दैत्याशी करार करून त्याला स्वतःच्या मनात शिरू देतो. मग ते मनच स्मृती पुसणाऱ्या यंत्राने पुसले जाते आणि त्याबरोबर दैत्यही. ज्या तोतयेगिरीला आपण चाळीस भाग हसलो तीच येथे आत्मार्पण ठरते. काही नवे सद्गुण शिकून नव्हे, तर आपल्या जुन्याच दुर्गुणाचा उपयोग करून हा म्हातारा घर वाचवतो. तात्पर्यवादी समीक्षेच्या चिमटीत न सापडणारी ही गोष्ट आहे.

तिसरी प्रयुक्ती विस्मृतीची. स्टॅन कुणालाच ओळखत नाही. मेबल सुट्टीभर भरत आलेली आठवणींची वही त्याला वाचून दाखवू लागते. अर्थात मालिका आपलाच गतकाळ आपल्या नायकाला सांगू लागते. मध्येच डुक्कर अंगावर चढते आणि तो त्याच्यावर नावानिशी खेकसतो. परतणारी पहिली आठवण ही ज्या प्राण्याला तो नेहमी हाकलत आला त्या प्राण्याच्या नावाची असते. करुणाला विनोदाने दिलेला हा छेद मनोज्ञ आहे. तरीही येथे एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. विस्मृती ही जबर किंमत असते, असे मालिकेने यापूर्वी स्मृती गमावून वेडापिसा झालेल्या एका पात्राद्वारे दाखवले होते. अंतिम भागात ही किंमत काही मिनिटांतच परत केली जाते. कथनाने आपलाच नियम येथे सैल केला आहे, आणि तो मुलांच्या सोयीसाठी केला की निर्मात्यांच्या, हा प्रश्न उरतो.

चौथी प्रयुक्ती प्रस्थानाची. वाढदिवस होतो, भावंडे तेरा वर्षांची होतात. वेंडी ही दुकानातली मुलगी डिपरशी टोपीची अदलाबदल करते आणि हाती एक चिठ्ठी देते. बस येते. पहिल्या भागात ज्याच्या आवाजात आपण गोष्टीत शिरलो त्या डिपरचेच निवेदन आपल्याला बाहेर घेऊन जाते. ‘टिक्’ला ‘टॉक्’ मिळतो.

४

आता मांडवाकडे वळू. मावळ हा वारकरी परंपरेचा प्रदेश आहे. इंदोरीजवळचा भंडारा डोंगर तुकोबांच्या एकांताशी जोडलेला आहे. गावोगावचे सप्ताह सात दिवस चालतात : रोज पारायण, हरिपाठ, रात्री कीर्तन. अखेरच्या दिवशी सकाळी काल्याचे कीर्तन होते, दहीहंडी फुटते, काला वाटला जातो आणि गावजेवणाची पंगत बसते. पंढरीच्या आषाढी वारीचीही सांगता पौर्णिमेला गोपाळपुरात काल्यानेच होते. अर्थात काला हा या परंपरेचा ‘अंतिम भाग’ आहे, आणि तो बालविनोदाचा आहे. एरवी ज्ञान-वैराग्याचे निरूपण करणारा कीर्तनमंच अखेरच्या दिवशी मुलांच्या खेळाला मोकळा होतो, ही रचना मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे.

काल्यातही हजेरी आहे. पेंद्या, वाकड्या, बोबड्या हे सवंगडी आपापल्या शिदोऱ्या घेऊन येतात. कीर्तनकार प्रत्येकाची चाल आणि बोली हुबेहूब उभी करतो, आणि मांडवाच्या पुढच्या रांगेत बसलेली मुले खदखदून हसतात. हे वर्तुळ मात्र मोडत नाही. कुणाची शिदोरी शिळी, कुणाची ताकातली, पण सारे एकत्र कालवले जाते. यमुनेत माशांची रूपे घेऊन उष्ट्याची वाट पाहणाऱ्या देवांची फजिती होते, कारण हात न धुता घोंगडीला पुसा, असे कृष्णाने गोपाळांना बजावलेले असते. देवांना चकवणारी ही लबाडी आणि दैत्याला चकवणारी स्टॅनची लबाडी यांचे कूळ एकच आहे.

काल्यात विस्मृतीही आहे. भागवताच्या दशम स्कंधातील तेराव्या-चौदाव्या अध्यायांत ही जेवणे चालू असतानाच ब्रह्मदेव वासरे आणि गोपाळ पळवतो. कृष्ण स्वतःच त्या सर्वांची रूपे घेऊन गोकुळात वर्षभर वावरतो. वर्षानंतर गोपाळ परत येतात तेव्हा त्यांना वाटते की, कृष्ण क्षणभरच दूर गेला होता. आपण तर त्याच्यावाचून एक घासही घेतलेला नाही. म्हणजे एको ज्याला काळाने न झिजणे म्हणतात ते येथे रूपबंधाची निमूट अट म्हणून राहत नाही, कथेचा विषय बनते. वर्ष सरले आहे हे श्रोत्याला माहीत आहे, पेंद्याला माहीत नाही. या दोन जाणिवांमधील अंतरातच काल्याचे हास्य आणि त्याचा हुरहुरता स्वर एकदम निर्माण होतात.

आणि काल्यात प्रस्थान नाही. गोकुळाच्या कथेचा पुढचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे : अक्रूराचा रथ येणार, कृष्ण मथुरेस जाणार आणि पुन्हा गोकुळात राहायला येणार नाही. परंतु हा रथ काल्याच्या मांडवात सहसा येत नाही. कीर्तनकार हंडीपाशी थांबतो. वडीलधारा श्रोता रथाची घरघर मनात ऐकतो. मुलाच्या हाती दहीकाला पडतो. एकाच समाप्तीचे असे दोन वयांसाठी दोन शेवट होतात, आणि त्यांपैकी एक मुखाने सांगितलाच जात नाही.

५

यावर असे म्हणता येईल की, ही तुलना अन्याय्य आहे. काला हा विधी आहे. पुढच्या वर्षी सप्ताह पुन्हा बसणार, म्हणून त्याला निरोप टाळणे परवडते. मालिका एकदाच संपते. तिने निरोप टाळला तर ती फसवणूक ठरेल. आक्षेपात तथ्य आहे. मालिकेने बस आणली हे तिचे धैर्यच मानले पाहिजे. माझा मुद्दा निरोप असावा की नसावा हा नाही. निरोपाच्या क्षणी कथन कोणाबरोबर राहते, हा आहे.

मालिकेतील कॅमेरा बसमध्ये चढतो. निवेदनाचा आवाज जाणाऱ्याचा आहे, चिठ्ठी जाणाऱ्याला मिळते, सुट्टीही जाणाऱ्याचीच होती. वर्गात या भागाची चर्चा चालू असता, जिच्या घरचा लोणावळ्यात लहानसा व्यवसाय आहे अशा एका विद्यार्थिनीने विचारले की, बस गेल्यावर दुकान कोण आवरते? मला हा प्रश्न केवळ मार्मिक वाटला नाही. तो या संहितेचे वाचन उलटवणारा वाटला. लोणावळ्याच्या मुलासाठी सुट्टी म्हणजे येणारी माणसे. पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर कणसे भाजणाऱ्याला, ‘पॉइंट’ दाखवायला नेणाऱ्याला, चिक्कीचे पुडे बांधणाऱ्याला रविवार संध्याकाळी मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांच्या पाठी दिसतात. पर्यटकांना गंमत विकणारे गाव, हाच मालिकेचा घटनावकाश आहे. म्हणून मावळातले मूल तिच्यात नकळत डिपरऐवजी वेंडीच्या किंवा सूसच्या जागी उभे राहते.

आणि संहितेत तशी जागा आहे. सूस या नोकराच्या हाती दुकान सोपवले जाते. ते उद्याही उघडणार आहे. गावाचा महापौर मात्र घडल्या उत्पाताबद्दल कुणी बोलूच नये, असा फतवा काढतो. प्रसंग विनोदी आहे, पण त्याचा अर्थ गंभीर आहे. जाणाऱ्यांना आठवणींची वही मिळते, राहणाऱ्यांना मौनाचा कायदा. स्मृतीची ही विषम वाटणी अंतिम भाग दाखवतो, परंतु तिच्यापाशी थांबत नाही. बस पुढे निघून जाते.

काल्याचे निवेदन याच्या नेमके उलट टोकाला उभे आहे. गोकुळात राहणाऱ्यांच्या पंगतीत ते बसलेले असते आणि तेथून हलत नाही. रथ न दाखवणे हे म्हणूनच केवळ दुःख टाळणे नव्हे. ज्यांना मागे राहायचे आहे त्यांच्या भरल्या क्षणी कथा थांबवण्याचा तो निर्णय आहे.

६

बालविनोदाच्या समाप्तीत बोध कोणता, हा प्रश्न अशा रीतीने गौण ठरतो. मुलाला काळाची पहिली ओळख बहुधा अशाच शेवटांतून होते : सुट्टी संपते, मालिका संपते, सप्ताहाचा मांडव उतरतो. त्या ओळखीच्या वेळी त्याला बसच्या खिडकीशी बसवायचे की पंगतीत, ही निवड कथन करते, आणि ती निवड नैतिक असली तरी तात्पर्याच्या भाषेत मांडता येत नाही. पहिली जागा मुलाला सांगते की, तू मोठा होशील आणि जाशील. दुसरी सांगते की, लोक जातील आणि तू येथे असशील. दोन्ही विधाने खरी आहेत. आपल्या शहरी बालसाहित्याने आणि आयात मालिकांनी पहिलेच अधिक वेळा सांगितले, एवढेच.

‘ग्रॅव्हिटी फॉल्स’च्या अंतिम भागात दुसऱ्या विधानाची सामग्री पूर्ण हजर आहे : दुकान आहे, सूस आहे, उद्याचा दिवस आहे. तेथे उभा असलेला निवेदक मात्र नाही. बस वळणाआड गेल्यावर शटर ओढणाऱ्या मुलाच्या तोंडून हीच गोष्ट कुणी सांगितली, तर तिचा शेवट कोठे येईल? मराठी बालविनोदाने हा प्रश्न अजून पुरता हाताळलेला नाही. काल्याच्या मांडवात पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांपैकीच कुणाला तरी तो हाताळावासा वाटेल.