मेमोचा खरा वाचक कोण?

'आपल्या कामात वारंवार निष्काळजीपणा आढळून आला असून, वेळोवेळी तोंडी समज देऊनही आपल्या वर्तनात अपेक्षित सुधारणा दिसून आलेली नाही. तरी आपणांविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा 3 दिवसांच्या आत सादर करावा.'

हे वाक्य माझं आहे. शिर्डीतल्या एका हॉटेलच्या ऑफिसात मी काही काळ काम केलं. मराठीत एम.ए. केलेली म्हटल्यावर पत्रं, पाट्या, सूचना आणि मेमो हे सगळं आपोआप माझ्या टेबलावर आलं. वरचा मजकूर मी अर्ध्या तासात लिहिला. मालकांना आवडला. 'एकदम सरकारी वाटतंय,' म्हणाले.

ज्याच्यासाठी लिहिला तो रात्रपाळीला रिसेप्शनवर बसायचा. कोपरगाव तालुक्यातल्या एका गावचा, 23 वर्षांचा. त्याच्याबद्दलच्या तक्रारी खऱ्या होत्या. चेक-इनला वेळ लागायचा, रजिस्टरमध्ये चुका व्हायच्या, एकदा तर एकाच खोलीची किल्ली दोन कुटुंबांना दिली गेली होती. त्याने मेमो उभ्याउभ्या वाचला. मग ओठ हलवत पुन्हा वाचला. आणि विचारलं, "ताई, पण यात मी केलं काय, ते कुठंय?"

मी म्हटलं, सगळं त्यातच आहे. नव्हतं.

कवितेतल्या एका शब्दावर पानभर लिहायला मला शिकवलं होतं. स्वतःचा हा मजकूर मात्र मी एकदाही समीक्षकाच्या नजरेने वाचला नव्हता. मेमो हाही एक गद्यप्रकारच आहे. कित्येक घरांत कथा-कादंबरी पोचत नाही, पण मेमो पोचतो, आणि त्याने त्या घराचं पुढचं वर्ष बदलतं. तेव्हा तो नीट वाचून बघूया.

दोन वाक्यांचं वाचन

'आढळून आला.' कुणाला? या वाक्यात पाहणारा माणूसच नाही. निष्काळजीपणा पावसासारखा आपोआप पडलाय आणि आपोआप दिसलाय. 'वारंवार.' म्हणजे किती वेळा? 'वेळोवेळी तोंडी समज.' कोणत्या दिवशी, कोणी, काय शब्दांत? 'अपेक्षित सुधारणा.' अपेक्षा काय होती, हे त्याला आधी कधी सांगितलं होतं का? पहिल्या वाक्यात तारीख नाही, आकडा नाही, प्रसंग नाही. आहेत ती सगळी विशेषणं.

पण सगळ्यात मोठी गडबड दुसरीकडे आहे. वाक्य सुरू होतं 'कामात' या शब्दाने आणि संपता संपता पोचतं 'वर्तनात' या शब्दावर. काम हळू होतंय ही तक्रार होती. वाक्य संपेपर्यंत ती माणसाच्या वागण्याबद्दलची तक्रार झाली. लिहिताना मला हे कळलंही नाही, कारण हा साचाच तसा आहे. नोकरीच्या नियमांत गैरवर्तनाची यादी असते. त्या यादीत सवयीचा निष्काळजीपणा बसतो. हळू असणं, गोंधळणं, न जमणं बसत नाही. म्हणून मेमो लिहिणारा 'जमत नाही'चं 'निष्काळजीपणा' करतो. तो शब्द कारवाईला सोयीचा पडतो. त्या मुलाचं वर्णन त्यातून होतं की नाही, हे मग कुणी बघत नाही.

हिंजवडीत आयटीत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला पीआयपी, म्हणजे पर्फॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, मिळाला तेव्हा तिने मला तो दाखवला. 'ओनरशिप दाखवत नाही', 'प्रोॲक्टिव्ह नाही', 'कम्युनिकेशन सुधारावं.' इंग्रजी चकचकीत होतं, विशेषणं नवी होती, पण साचा तोच. 60 दिवसांनंतर ओनरशिप किती आली हे कशाने मोजणार, याचं उत्तर त्या कागदात नव्हतं.

याचं कारण असं की मेमो 'आपण' म्हणून ज्याच्याशी बोलतो, तो त्याचा खरा वाचक नसतोच. खरा वाचक उद्याचा चौकशी अधिकारी असतो, परवाचं कामगार न्यायालय असतं. 'आम्ही संधी दिली होती' हे त्या तिसऱ्याला दाखवायला हा कागद लिहिला जातो. ज्याच्या हातात तो पडतो तो फक्त पोच देणारा.

हवालदारीतला कवी

शिर्डीत राहून या विषयावर विचार करताना एक नोकरदार माणूस आठवतोच. गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजे दासगणू महाराज. 'गजानन विजय'चे कर्ते म्हणून ते घराघरात माहीत आहेत. जन्म 1868, नगरजवळच्या अकोळनेरचा. कीर्तनकार होण्याआधी ते पोलीस शिपाई होते, आणि नानासाहेब चांदोरकरांबरोबर ते शिर्डीला येऊ लागले.

त्यांच्या नोकरीची हकीकत बी. व्ही. नरसिंहस्वामींनी साईबाबांच्या इंग्रजी चरित्रात सांगितली आहे. नरसिंहस्वामी स्वतः वकिली केलेले, त्यामुळे ती वाचताना शिस्तभंगाच्या प्रकरणाची फाईल उलगडल्यासारखी वाटते. शिपायाला फौजदार व्हायचंय. बाबा सांगतात, नोकरी सोड. तो आज-उद्या करत राहतो. परवानगी न घेता हद्द सोडून निजामाच्या मुलखात जातो, पकडले जाऊ या भीतीने गोदावरीचं पाणी हातात घेऊन नोकरी सोडायची शपथ घेतो. योगायोगाने दरोडेखोरांचा माग लागतो, उलट कौतुक होतं, आणि शपथ मागे पडते. पुढे दंडापोटी जमा झालेली रक्कम सरकारात न पोचल्याचं प्रकरण त्यांच्यावर येतं. ती रक्कम दुसऱ्यानेच खाल्लेली असते. त्यातून सुटल्यावर मात्र ते राजीनामा देतात. चरित्रात त्यासाठी 1903 हे साल येतं.

आता हीच हकीकत त्यांच्या वरिष्ठाच्या बाजूने लिहा. शिपाई हद्दीबाहेर गेला, विनापरवाना. लक्ष लावण्या-पोवाडे रचण्यात. बढतीची हाव, पण कामात मन नाही. ठाण्यातल्या रकमेचा हिशेब लागत नाही. यातला एकही शब्द खोटा म्हणता येणार नाही. चरित्रकाराला ज्यात ईश्वरी योजना दिसते, त्यातच ठाण्याला एक नालायक शिपाई दिसला असता.

भाविक वाचकाला या गोष्टीत सुटका दिसते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती चरित्राच्या बाजूची नाही. फाईलमध्ये फक्त साहेब बोलतो, तसं चरित्रात फक्त भक्ताची बाजू बोलते. गणपतराव हद्द सोडून गेले तेव्हा त्यांची पाळी कोणी केली? त्यांच्या वाट्याची गस्त कोणाच्या अंगावर पडली? तो माणूस या कथेत नाही. रिसेप्शनवरचा मुलगा झोपला त्या रात्री दोन कुटुंबांचं सामान चौथ्या मजल्यावरून खाली आणणारा रूमबॉयही माझ्या पहिल्या मेमोत नव्हता.

शिवाय एक सोपा दिलासा इथे टाळायला हवा. काम न जमणारा प्रत्येक माणूस आतून कवी नसतो. मोटिव्हेशनल रील्स तसं सांगतात. 'तुम्ही चुकीच्या जागी आहात, म्हणून चमकत नाही' हे ऐकायला बरं वाटतं, पण बऱ्याचदा माणसाला दुसरी जागा नसते. आमच्या मुलाला हीच नोकरी हवी होती. घरच्या शेतीत कांद्याचा भाव पडला की याच पगारावर घर चालायचं. त्याला त्याच्यातला कवी शोधून देण्याचा प्रश्न नव्हता. रात्री 3 वाजता आलेल्या गाडीतल्या 14 जणांची नोंद बिनचूक कशी करायची, हा होता.

'चांगला' हा शेरा

या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने काही वेळा उत्तम वाचक असल्याचं दाखवलं आहे. भारत सरकार विरुद्ध जे. अहमद या 1979च्या निकालात आसाममधल्या नौगाव जिल्ह्याच्या उपायुक्ताचं प्रकरण होतं. 1960मध्ये तिथे दंगली झाल्या. त्या आवरण्यात हा अधिकारी कमी पडला, त्याच्यात नेतृत्व नव्हतं, असे आरोप होते. न्यायालयाने आरोपांची भाषा तपासली आणि म्हटलं की यातून फार तर अकार्यक्षमता दिसते. नुसती अकार्यक्षमता म्हणजे गैरवर्तन होत नाही. घोर निष्काळजीपणाची गोष्ट वेगळी. प्रकरण सरकारी अधिकाऱ्याचं होतं, पण माझ्या मेमोतली 'काम' ते 'वर्तन' ही घसरण त्या निकालाने बरोबर पकडली असती.

दुसरा निकाल 2008चा, देव दत्त विरुद्ध भारत सरकार. देव दत्त सीमा रस्ते संघटनेच्या सेवेत इंजिनियर होते. 1993-94च्या गोपनीय अहवालात त्यांना 'चांगला' असा शेरा मिळाला. वाईट नाही, चांगलाच! पण बढतीसाठी 'अतिशय चांगला' लागायचा, आणि हा शेरा त्यांना कधी कळवलाच गेला नव्हता. बढती हुकली. न्यायालयाने सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, वाईट असो वा चांगली, त्या माणसाला कळवली पाहिजे. म्हणजे त्याला तिच्याबद्दल म्हणणं मांडता येईल.

समीक्षेच्या भाषेत सांगायचं तर न्यायालय म्हणतंय, ज्याच्याबद्दल लिहिलंय तो या मजकुराचा पहिला वाचक आहे. 1993मध्ये बी. करुणाकर प्रकरणात चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी कर्मचाऱ्याला द्यायला हवी असं ठरलं, त्यामागेही हीच गोष्ट आहे. आरोपपत्र, खुलासा, साक्षी, उलटतपासणी या पायऱ्यांना आपण कटकट म्हणतो. पण एकाच निवेदकाच्या हातातल्या कथेत दुसऱ्याला बोलायला जागा मिळते ती याच पायऱ्यांवर.

तीन दिवस बघणं

दासगणूंचीच आणखी एक गोष्ट 'साईसच्चरिता'च्या 20व्या अध्यायात आहे. ते ईशावास्य उपनिषदावर मराठीत लिहीत होते आणि अर्थाशी अडले होते. बाबांनी सांगितलं, पार्ल्याला काकांकडे जा, त्यांची मोलकरीण तुझी अडचण सोडवील. काकासाहेब दीक्षितांच्या घरी एक लहान मुलगी फाटक्या कपड्यांत भांडी घासताना गात होती, कुणाच्या तरी सुंदर साडीबद्दल. दासगणूंच्या सांगण्यावरून तिला नवी साडी मिळाली. दुसऱ्या दिवशी ती नेसून नाचली-बागडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा फाटक्यात आली, आणि आनंद तसाच. दासगणूंना त्यातून उपनिषदाचा अर्थ लागला.

अध्यात्म बाजूला ठेवून मी ही गोष्ट पद्धत म्हणून वाचते. एका काम करणाऱ्या मुलीकडे एक माणूस 3 दिवस नुसता बघतोय. पहिल्याच दिवशी थांबला असता तर त्याच्या वहीत 'गरीब, दुःखी' एवढंच आलं असतं. तिसऱ्या दिवसानंतर ते विशेषण टिकलं नाही.

मी तक्रारवही काढली आणि 3 महिन्यांच्या नोंदी तारखांसकट उतरवल्या. एकूण 11. त्यातल्या 8 बुधवारच्या रात्रीच्या होत्या. गुरुवारी पालखी असते, त्यामुळे आदल्या रात्रीपासून गाड्या येत राहतात. काकड आरतीला जायची घाई असलेली माणसं काउंटरवर उभी असतात. त्या रात्री रिसेप्शन, फोन आणि लिफ्टजवळचं सामान हे सगळं तो एकटा बघत होता. उरलेल्या 3 नोंदी साध्या रात्रींच्या: दोनदा काउंटरवर झोपलेला सापडला, एकदा बिलात चूक.

दुसरा कागद मी या नोंदींचा लिहिला. तारीख, वेळ, काय झालं, कोणी पाहिलं. 'निष्काळजीपणा' हा शब्द एकदाही नाही. शेवटी आमच्याकडून काय बदलणार तेही लिहिलं: बुधवारी रात्री दुसरा माणूस मिळेल. मालकांना हा कागद कमी आवडला. 'यात आपलीच चूक दिसते,' म्हणाले. थोडी दिसतच होती.

मुलाने खुलासा लिहिला, आयुष्यात पहिल्यांदा. बिलाच्या नोंदीसमोर त्याने लिहिलं की त्या रात्री तो बहिणीच्या लग्नाला गेला होता. हजेरीपत्रक पाहिलं. बरोबर होतं. ती नोंद खोडली. झोपल्याचं त्याने कबूल केलं. पहिल्या मेमोला तो असं उत्तर देऊच शकला नसता, कारण विशेषणाला लग्नाची तारीख दाखवता येत नाही.

2 महिने दिले. बुधवारच्या चुका जवळजवळ थांबल्या. झोप मात्र थांबली नाही. आणखी दोनदा तो झोपलेला सापडला, आणि एका रात्री एक आजारी आजी 40 मिनिटं बंद दाराबाहेर बसून राहिल्या. त्यानंतर त्याला काढलं. तो कागदही मीच लिहिला आणि लिहिताना हात जड झाला होता.

हिशेब घ्यायला आला तेव्हा त्याने सही करण्याआधी कागद पूर्ण वाचला. मग बोट ठेवून म्हणाला, "ताई, रात्रपाळीच्या भत्त्याचे 2 दिवस कमी लावलेत." मी पुन्हा मोजले. त्याचं बरोबर होतं.