सल्लागाराचे आत्मभान : पीटर ब्लॉक यांच्या भूमिकेची चिकित्सा

संस्थेत बदल घडविण्यासाठी सल्ला देणाऱ्या व्यक्तीजवळ ज्ञान असते, परंतु आदेश देण्याचा अधिकार नसतो. मग ती व्यक्ती बाहेरून बोलावलेली असो वा त्याच संस्थेतील. अशा व्यक्तीने आपला प्रभाव कशाच्या बळावर पाडावा, हा पीटर ब्लॉक यांच्या 'फ्लॉलेस कन्सल्टिंग' (१९८१) या ग्रंथाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्यांचे उत्तर 'अस्सलपणा' हे आहे. ग्राहकाबरोबर काम करताना आपल्याला जे जाणवते ते त्याच वेळी शब्दांत मांडणे, असा त्याचा अर्थ ते सांगतात.

या मांडणीचा मोठा गुण म्हणजे अस्सलपणा हा स्वभावाचा भाग न राहता शिकता येण्याजोगे कौशल्य ठरतो. व्यवस्थापक तुटक उत्तरे देत असेल, तर सल्लागाराने अधिक पुरावे पुढे करीत बसू नये. 'आपण फार थोडक्यात उत्तरे देत आहात' एवढेच दोष न देता सांगावे आणि गप्प राहावे. विरोध हा व्यक्तिगत अपमान नसून बदलाविषयीची भीती असू शकते, हे त्यातून ध्यानात येते.

मात्र 'आपल्याला जे जाणवते' ते कितपत विश्वसनीय? ख्रिस आर्गिरिस व डोनाल्ड शोन यांनी १९७४ मध्ये माणसाने सांगितलेले तत्त्व आणि त्याच्या वागण्यातून दिसणारे तत्त्व यांतील अंतर दाखवून दिले. पुढे १९९१ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'तील लेखात आर्गिरिस यांनी व्यवस्थापन सल्लागारांचेच उदाहरण घेतले. इतरांना सुधारणा सुचविणारी ही उच्चशिक्षित मंडळी स्वतःच्या कामाची तपासणी सुरू होताच बचावात्मक होत आणि दोष ग्राहकांवर किंवा वरिष्ठांवर टाकीत. विशेष म्हणजे, आपण असे वागतो याची त्यांना जाणीव नसे.

ब्लॉक यांची मांडणी येथे अपुरी पडते. 'ग्राहक विरोध करतो आहे' हे विधान मनापासून केलेले असूनही चुकीचे असू शकते. सल्लाच सदोष असेल, तर तेच विधान सल्लागाराची ढाल बनते. म्हणून आत्मभान केवळ आत्मचिंतनाने येत नाही, त्याला बाहेरचा साक्षीदार लागतो. आर्गिरिस यांची पद्धत या दृष्टीने उपयुक्त आहे : कागदाच्या एका बाजूस प्रत्यक्ष संवाद व दुसऱ्या बाजूस मनात आलेले परंतु न बोललेले विचार लिहावेत आणि तो कागद सहकाऱ्यांना तपासू द्यावा.

महाविद्यालयीन शिक्षकांना हा प्रश्न परका नाही. 'नॅक'च्या मूल्यांकनामुळे महाविद्यालयांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आले आणि त्यांचा समन्वयक हा बहुधा आपल्यातलाच एक शिक्षक असतो. अध्यापनपद्धती बदला, असे तो सहकाऱ्यांना सांगतो, तेव्हा त्याच्याजवळही अधिकार नसतो. अशा समन्वयकाने प्रथम स्वतःच्या वर्गाचे दार सहकाऱ्यांसाठी उघडले, तर त्याच्या सल्ल्याला वजन येईल. एरव्ही अस्सलपणा हे नुसते बोलण्याचे तंत्र होऊन राहील.