प्रज्ञावान मुलांच्या शिक्षकाची ‘भूमिका’ : विषय पक्का करण्याआधी

एम.एड.चा लघुप्रबंध असो की पीएच.डी.चा आराखडा, ‘प्राथमिक स्तरावरील प्रज्ञावान विद्यार्थ्यांच्या शिक्षकाची भूमिका : एक अभ्यास’ असं शीर्षक कधीतरी तुमच्याही वहीत येईल. अशा अभ्यासाची घडण ठरलेली असते. शंभरेक शिक्षकांना प्रश्नावली द्यायची, ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ असे पाच रकाने, टक्केवारी, आलेख. निष्कर्ष असा की शिक्षक मार्गदर्शक, प्रेरक आणि मित्र असावा. यात खोटं काहीच नाही. पण हा निष्कर्ष एकही प्रश्नावली न वाटता लिहिता आला असता, आणि तीच खरी अडचण आहे.

माझा मुद्दा असा, की प्राथमिक शाळेत शिक्षकाचं पहिलं काम प्रज्ञावान मुलाला शिकवणं हे नाहीच. ते मूल कुणाच्या तरी नजरेस येणं, हे पहिलं काम. आणि नेमकं तेच आपल्या प्रश्नावल्यांमधून निसटतं.

धाराशिवमध्ये निवड कधी होते?

धाराशिव जिल्हा समोर ठेवू. तुळजापूरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. प्रवेश सहावीत, म्हणजे परीक्षा पाचवीत असताना. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० गुण मानसिक क्षमता चाचणीचे, उरलेले अंकगणित आणि भाषेचे. दुसरी संधी नाही. शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला की पाचवीला, हे शासन बदलत आलं आहे. पण तीही प्राथमिकच्या शेवटीच.

ज्ञान प्रबोधिनीचंही बघा. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात सुरू केलेली ही संस्था म्हणजे महाराष्ट्रात बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा सर्वांत जुन्या आणि गंभीर प्रयोगांपैकी एक. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा तालुक्यातल्या हराळीत प्रबोधिनीचं काम उभं राहिलं, निवासी शाळाही झाली. पण पुण्याच्या प्रशालेत बुद्धिमापन चाचण्यांवरून मुलं निवडली जातात ती पाचवीसाठी. म्हणजे आपल्याकडे निवडीची दारं उघडतात ती साधारण दहाव्या वर्षी.

मग पहिली ते चौथी काय? तिथे चाचणी नाही, समिती नाही. तिथे आहेत जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी किंवा बाई. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे एकाकडे दोन-तीन वर्ग एकत्र. नवोदयचा अर्ज नावाची काही गोष्ट असते, हे आईवडील शिकलेले नसतील तर घरी कळतं ते शाळेतूनच. ज्या मुलाचं नाव बाईंच्या मनात आलंच नाही, ते परीक्षेत नापास होत नाही. ते परीक्षेला बसतच नाही. आणि न बसलेल्यांची आकडेवारी कुठल्याच निकालपत्रात सापडत नाही.

शिक्षकाच्या नजरेवर किती भरवसा ठेवायचा?

इथे डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांचा २०१६ चा शोधनिबंध वाचाच. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात प्रज्ञावान मुलांच्या वर्गासाठी नावं आधी शिक्षक आणि पालक सुचवायचे. २००५ पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची भाषेवर न बेतलेली प्राथमिक चाचणी सुरू झाली. निकष तेच राहिले, तरीही गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं निवडीतलं प्रमाण बरंच वाढलं. म्हणजे ही मुलं आधीही वर्गात होतीच, फक्त कुणी सुचवत नव्हतं. पुढे पैशांअभावी ही चाचणी बंद पडली आणि तफावत परत आली.

हा निबंध भक्कम आहे, पण जसाच्या तसा उचलू नका. ‘सगळ्या मुलांची चाचणी’ यात चाचणीच्या दिवशी सगळी मुलं गावात असतात हे गृहीत आहे. कळंब, भूम, वाशी या भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, बऱ्याचदा मुलांसकट. जानेवारीत चाचणी ठेवली तर ‘सगळी मुलं’ म्हणजे कोण? तांड्यावर घरी गोरमाटी बोलणारं किंवा उमरग्याकडे घरी कानडी बोलणारं पोर मराठीतल्या सूचना कशा समजून घेईल, हेही विचारावं लागेल.

पिग्मॅलियनचं अर्धवट वाचन

आपल्याकडच्या प्रबंधांत दुसरा हमखास येणारा संदर्भ म्हणजे रोझेंथाल आणि जेकबसन यांचं १९६८ चं पुस्तक, ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’. शिक्षकांना सांगितलं, की ही ठरावीक मुलं यंदा झेप घेणार. प्रत्यक्षात नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षाअखेरीस त्यांचे गुण जास्त वाढलेले दिसले. यावरून आपण लिहून मोकळे होतो : ‘शिक्षकाची अपेक्षा वाढली की मूल वाढतं.’

आता पुढचं वाचा. परिणाम प्रामुख्याने पहिली-दुसरीतच दिसला होता. लहान मुलांसाठी वापरलेली चाचणी भरवशाची नाही, अशी टीका रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी लगेच केली होती. आणि स्टीफन रॉडनबुश यांनी १९८४ मध्ये असे १८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की शिक्षक मुलांना दोन आठवड्यांपेक्षा जास्त ओळखत असतील, तर बाहेरून सांगितलेल्या अपेक्षेचा परिणाम जवळपास उरत नाही. मत आधीच बनलेलं असतं.

दोनशिक्षकी शाळेत हे फार महत्त्वाचं आहे. तिथे एकच बाई सलग तीन-चार वर्षं त्याच मुलांना शिकवू शकतात. ओळख खोल होते, हा फायदा. पण पहिलीत बनलेलं मत चौथीपर्यंत टिकतं, हा धोका. अशा शिक्षकांसाठी एक दिवसाचं ‘प्रेरणा प्रशिक्षण’ सुचवणाऱ्या शिफारशीला म्हणूनच फारसा आधार नाही.

धोरणाचा हात कुठवर पोचतो?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, की विशेष रुची किंवा प्रतिभा असलेल्या मुलांना शिक्षकांनी पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं, बी.एड.मध्ये या विषयाचं विशेषीकरणही ठेवता येईल. हेतू चांगलाच आहे. पण प्राथमिकचे कितीतरी शिक्षक डी.एड. करून आलेले आहेत. आणि पूरक साहित्य द्यायला आधी कुणाला द्यायचं ते कळलं पाहिजे.

मग प्रश्न कसा मांडायचा?

‘भूमिका’ हा शब्द काढून टाका आणि कृती विचारा. उदाहरणार्थ : उमरगा किंवा लोहारा तालुक्यातल्या वीस शाळा घ्या. जूनमध्ये शिक्षकांना विचारा, तुमच्या तिसरीत कुणाला वेगळं आव्हान द्यावंसं वाटतं आणि का. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘हुशार’ म्हणजे नीट अक्षर, रोजची हजेरी, की अवघड प्रश्न विचारणं, ते त्यातून कळेल. मग सगळ्या मुलांना आकृत्यांवर आधारलेली चाचणी द्या, सूचना घरच्या भाषेत. स्थलांतरित मुलांसाठी ती परत आल्यावर दुसरी फेरी ठेवा.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. दोन्हींत असलेली नावं सोडून द्या, ती सोपी आहेत. फक्त चाचणीच्या यादीत असलेली मुलं कोण, ते बघा. आणि फक्त बाईंच्या यादीत असलेली मुलंही तितक्याच गांभीर्याने बघा. चाचणीला न दिसलेलं त्यांना काहीतरी दिसलेलं असू शकतं. यादी शिक्षकाला चुकीचं ठरवण्यासाठी वापरलीत तर पुढच्या वर्षी कुणी शाळेत उभं करणार नाही, आणि ते योग्यच होईल.

वीस शाळांवरून जिल्ह्याबद्दल ठाम विधान करता येणार नाही, हे मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा. पण कुठल्या मुलाचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नव्हतं, एवढं तरी तुमच्या प्रबंधातून कळेल. आणि ते पोर चौथी संपायच्या आत कळलं, तर अर्ज भरायला वेळ उरलेला असेल.