प्रवेशानंतरचे प्रश्न : दलित आत्मकथनांतील शिक्षणसंस्था

प्रस्तावना

दलित आत्मकथनांवरील मराठी समीक्षा विपुल आहे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) पासून उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) पर्यंतच्या पंचवीस वर्षांतील लेखनाचा विचार भूक, गावकुसाबाहेरची वस्ती, बोलीभाषा, विद्रोह आणि अस्मिता या अंगांनी पुष्कळ झाला आहे. या लेखनात सातत्याने येणारी एक जागा मात्र समीक्षेच्या कडेला राहिली आहे. ती जागा म्हणजे शिक्षणसंस्था. हे बहुतेक लेखक शिक्षणामुळे लिहू लागले, म्हणून समीक्षकांनी शिक्षणाकडे सुटकेची वाट म्हणून पाहिले. त्या वाटेवरील शाळा, वसतिगृह, कार्यालय आणि प्राध्यापक यांनी या विद्यार्थ्यांना कसे वागवले, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात काही निवडक आत्मकथनांच्या आधारे हा प्रश्न तपासावयाचा आहे. सर्व समाजघटकांना आपलासा वाटेल असा परिसर निर्माण करण्याचा संकल्प आज प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत असतो. त्या संकल्पाची कसोटी पाहण्यासाठी ही आत्मकथने उपयुक्त ठरतात, अशी या लेखाची भूमिका आहे.

अर्जातील रकाना

संस्थेशी विद्यार्थ्याची पहिली भेट शिक्षकामार्फत होत नाही, ती अर्जामार्फत होते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये वडिलांचे नाव कोणते लावावे, हा प्रश्न शाळेच्या दप्तरापासून सुरू होतो. पुढे सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही लागते, तेव्हा या मुलाला कोणाचा म्हणून दाखला द्यावा, असा पेच उभा राहतो. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनावर वडिलांऐवजी आईचे नाव लावले. त्यामागेही हाच अनुभव आहे.

या प्रसंगांचे वाचन बहुधा 'अनौरसत्वाची वेदना' म्हणून केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. वेदना येथे एका विशिष्ट यंत्रणेतून निर्माण होते. प्रत्येक मुलाला सांगण्याजोगा पिता असतो, हे गृहीत धरून अर्ज छापला जातो आणि ज्याला तसा पिता नाही तो मुलगा अर्जाच्या दृष्टीने अपूर्ण ठरतो. कोणीही कोणाचा मुद्दाम अपमान केलेला नसताना अपमान घडतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव अनिवार्य करण्याचा निर्णय घेतला. 'अक्करमाशी' प्रसिद्ध झाल्याला तेव्हा चाळीस वर्षे होत होती. साहित्याने नेमकेपणाने दाखविलेला दोष व्यवस्थेच्या ध्यानी येण्यास किती काळ जातो, याचा अंदाज यावरून येतो.

संस्कृत आणि आडनाव

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) हे उच्च शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पुस्तक होय. नागपूरच्या एका दलित मुलीने संस्कृत हा विषय निवडला, त्यात एम.ए. केले आणि त्याच विषयाचे अध्यापन केले, ही त्यातील मुख्य घटना. ती केवळ जिद्दीची कथा म्हणून सांगितली, तर तिचा अर्धा अर्थ हरवतो.

पावडे यांनी दोन शिक्षक शेजारी शेजारी उभे केले आहेत. शाळेतील गोखले गुरुजी जुन्या वळणाचे, सनातनी म्हणता येतील असे. तरीही ते या मुलीला मनापासून संस्कृत शिकवितात. विद्यापीठातील विभागप्रमुख आधुनिक पेहरावाचे, ख्यातकीर्त विद्वान. त्यांना मात्र तिचे संस्कृत शिकणे रुचत नाही आणि ते तसे जाणवूनही देतात. तत्त्वज्ञान उत्तम उलगडून सांगणाऱ्या माणसाला ते आचरणात का आणता येऊ नये, हा लेखिकेला पडलेला प्रश्न आहे. येथे 'परंपरा म्हणजे बंदिस्तपणा आणि आधुनिकता म्हणजे मोकळेपणा' हे सोपे समीकरण मोडते. वर्गातील वातावरण शिक्षकाच्या घोषित विचारसरणीवरून ठरत नाही. समोरच्या विद्यार्थ्याशी तो प्रत्यक्षात कसा वागतो, यावर ते ठरते.

त्याहून मूलगामी भाग नोकरीचा आहे. पदवी उत्तम असूनही सोमकुवर या माहेरच्या आडनावाने त्यांना अध्यापनाची संधी मिळाली नाही. आंतरजातीय विवाहानंतर पावडे हे आडनाव लागले आणि शासकीय महाविद्यालयात नेमणूक झाली. ही नेमणूक आपल्या ज्ञानाला मिळाली की आडनावाला, असा प्रश्न लेखिका उपस्थित करते आणि श्रेय आडनावाकडे जाते, हे कडवटपणे नोंदविते. विद्यार्थी म्हणून स्वीकार होणे आणि प्राध्यापक म्हणून स्वीकार होणे यांतील अंतर या प्रसंगातून स्पष्ट होते. परिसराची विविधता केवळ प्रवेशसंख्येने मोजणाऱ्यांच्या दृष्टीतून हे अंतर निसटते.

व्यक्तीचा चांगुलपणा आणि संस्थेची रचना

गोखले गुरुजींसारखे शिक्षक इतर आत्मकथनांतही भेटतात. त्यांच्याविषयीची कृतज्ञता खरी आहे. तथापि चांगला शिक्षक भेटणे हा योगायोग असतो आणि योगायोगावर संस्था चालविता येत नाही.

याच्या उलट उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थापन केलेल्या संस्थांचे आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने (१९४५) मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. औरंगाबादला १९५० मध्ये सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात विद्यार्थ्यांच्या निवासाचाही विचार होता. याच परिसरात प्राचार्य म. ना. वानखेडे यांच्या प्रोत्साहनाने साहित्यिक चळवळ आकारास आली आणि 'अस्मिता' (पुढे 'अस्मितादर्श') हे नियतकालिक निघाले. दलित साहित्याच्या उगमस्थानांपैकी एक स्थान महाविद्यालयाचा परिसर असावा, हा योगायोग नव्हे. तेथे विद्यार्थ्याला वेळापत्रक, निवास, ग्रंथालय आणि लेखन छापण्याची जागा या गोष्टी हक्काने मिळाल्या, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

आत्मकथनांच्या मर्यादा

पुरावा म्हणून ही आत्मकथने वाचताना त्यांच्या मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ती यशस्वी झालेल्यांनी लिहिली आहेत. मधेच शिक्षण सोडून गेलेल्यांची आत्मकथने क्वचितच आढळतात. ज्यांनी आपले प्राण गमावले, त्यांची बाजू आप्तांना मांडावी लागते. रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्या मातांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्येच समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद करणारे विनियम केले होते. त्यांची अंमलबजावणी व्हावी, ही त्यांची मागणी होती. तत्पूर्वी डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची नोंद केली होती. वसतिगृहात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची विशिष्ट मजल्यांवर होणारी एकवट तिने निदर्शनास आणली. सारांश, आत्मकथनांत जे व्यक्तिगत वाटते ते अहवालांत संस्थात्मक म्हणून पुन्हा भेटते.

अध्यापनातील विसंगती

ही पुस्तके आज अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहेत. मात्र ती शिकविताना आपण दूरच्या गावाविषयी आणि सरलेल्या काळाविषयी बोलतो. 'दलित जाणिवेची वैशिष्ट्ये लिहा' हा प्रश्न परीक्षेत येतो. त्याच वर्गात शिष्यवृत्तीधारकांची नावे मोठ्याने पुकारली जातात, पहिल्याच तासाला आडनाव विचारून ओळख करून घेतली जाते, विद्यार्थ्याची बोली ऐकून हसू उमटते. ज्या विद्यार्थ्याचे घर त्या पुस्तकात आहे, तो हे दोन्ही एकाच वेळी ऐकत असतो. जे पुस्तक संस्थेला प्रश्न विचारते, त्याचे संस्थेने केवळ अभ्यासविषयात रूपांतर केले की प्रश्न निष्प्रभ होतो. आपल्या समीक्षेनेही या कामी अजाणता हातभार लावला आहे.

निष्कर्ष

१. दलित आत्मकथने ही गावाइतकीच शिक्षणसंस्थेचीही चिकित्सा आहेत. त्या दृष्टीने त्यांचे पुनर्वाचन व्हावे.

२. अवमान बहुधा दैनंदिन कार्यपद्धतीतून घडतो. म्हणून अर्ज, सूचनाफलक, वसतिगृहातील खोलीवाटप, अंतर्गत गुणदान आणि नेमणुका यांची तपासणी सदिच्छेच्या भाषणांपेक्षा अधिक निकडीची आहे.

३. प्राध्यापकवर्गातील विविधतेशिवाय विद्यार्थ्यांतील विविधता टिकाऊ ठरत नाही. 'अंतःस्फोट' मधील आडनावाचा प्रश्न म्हणूनच निवड समित्यांपुढचा प्रश्न आहे.

४. ही पुस्तके शिकविणाऱ्याने ती आपल्या वर्गालाही लावून पाहावीत. हे टाळले, तर त्यांचे अध्यापन पाठ्यपुस्तकी राहील आणि ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली ते विद्यार्थी वर्गात असूनही परके राहतील.