ग्रिपहूकची बाजू

हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो संवाद मालकीबद्दलचा आहे. सातव्या पुस्तकात (२००७) शेल कॉटेजमध्ये बिल वीझली हॅरीला बाजूला घेतो आणि गॉब्लिन लोकांच्या व्यवहाराची रीत समजावून सांगतो. जेमतेम एक-दोन पानं. पुढे ग्रिंगॉट्स बँकेवरचा दरोडा आहे, ड्रॅगनवर बसून पळणं आहे, त्यामुळे ही पानं आपण भराभर पुढे ढकलतो. माझं म्हणणं असं, की अख्ख्या मालिकेतला सगळ्यात अवघड प्रश्न इथे विचारला गेलाय, आणि लेखिकेनं त्याचं उत्तर टाळलंय.

बिल सांगतो ते थोडक्यात असं: गॉब्लिनच्या लेखी वस्तूचा खरा मालक ती घडवणारा. पैसे मोजणाऱ्याला ती जणू भाड्याने मिळते. तो मेला की वस्तू गॉब्लिनकडे परत यायला हवी. जादूगार मात्र ती एकाकडून दुसऱ्याकडे देत राहतात, पुन्हा एक छदामही न मोजता. गॉब्लिनच्या नजरेत ही जवळजवळ चोरीच.

आपल्या डोक्यात गॉब्लिन म्हटलं की जमिनीखाली सोनं मोजत बसलेले कजाग बँकवाले येतात. पण ते मुळात कारागीर आहेत. त्यांनी घडवलेल्या चांदीला साधा मळ चिकटत नाही. तिला अधिक बळ देईल तेवढंच ती शोषून घेते. म्हणून ग्रिफिंडॉरच्या तलवारीत बॅसिलिस्कचं विष मुरलं, आणि म्हणूनच तिनं अंगठी, लॉकेट आणि नागिनी असे तीन हॉरक्रक्स संपवले. व्होल्डेमॉर्टच्या पराभवात एका गॉब्लिन कारागिराचा वाटा आहे. विजयाच्या जल्लोषात त्याची आठवण कुणी काढत नाही.

त्याचं नाव रॅगनक पहिला. रोलिंग यांनी पॉटरमोअरवरच्या एका टिपणात त्याच्याबद्दल लिहिलंय. तो गॉब्लिनांमधला सगळ्यात निष्णात चांदीकाम करणारा, आणि म्हणूनच त्यांचा राजा. त्यांच्यात राजा इतरांपेक्षा कमी काम करत नाही, अधिक कसबाने करतो. जिथे गादी हातातल्या कौशल्यावर मिळते, तिथे घडवणाऱ्याचा हक्क सगळ्यात वरचा असणं ओघानंच आलं. एका वाक्यात अख्खी संस्कृती उभी राहते.

पण त्याच टिपणात रोलिंग यांनी निकालही देऊन टाकलाय. ग्रिफिंडॉरने तलवार चोरलीच नव्हती. ती इतकी देखणी झाली की रॅगनकलाच तिचा मोह पडला आणि त्याने चोरीची कथा रचली.

इथे गडबड आहे. गॉब्लिनांची तक्रार एक नाही, दोन आहेत. पहिली, ग्रिफिंडॉरने तलवार चोरली. दुसरी, रीतसर पैसे देऊन घेतली असली तरी त्याच्या मृत्यूनंतर ती परत यायला हवी होती. लेखिकेनं फक्त पहिली तक्रार खोटी ठरवली. दुसरी तशीच उभी आहे. कोडच्या रिव्ह्यूमध्ये दोन बग दाखवल्यावर एकच दुरुस्त करून तिकीट बंद करावं, तसं हे झालं.

जादूगारांचा दुटप्पीपणा तर ग्रिपहूक स्वतःच दाखवतो. छडीची विद्या जादूगार इतर कुणालाही देत नाहीत. चौथ्या पुस्तकात नियमच आहे: माणूस नसलेल्या कुणीही छडी बाळगायची नाही, वापरायची नाही. म्हणजे जादूगारांनी आपली विद्या कायमची कुलपात ठेवली तर ती परंपरा, आणि गॉब्लिनांनी आपल्या कामावर कायमचा हक्क सांगितला तर तो लोभ. शेवटी ज्याच्या हाती ससा तो पारधी.

पुस्तकाला हे कळत नाही असं नाही. जादूगारांचा इतिहास इतरांवर केलेल्या अन्यायांकडे काणाडोळा करतो, हे हर्मायनी बोलून दाखवते. पण हाच इतिहास शाळेत शिकवणारे प्राध्यापक बिन्स हा मालिकेतला कायमचा विनोद आहे. गॉब्लिनांची बंडं म्हणजे वर्गात झोपायची वेळ. सहा पुस्तकं आपण त्या झोपेवर हसतो, आणि सातव्यात त्याच बंडांच्या मागचा माणूस समोर येतो तेव्हा त्याचं ऐकायची आपली तयारीच नसते. त्यात या बँकवाल्यांच्या वर्णनात युरोपातल्या ज्यूद्वेषी व्यंगचित्रांची छाया दिसते, असा आक्षेप अनेक वाचकांनी घेतलाय. तो मला झटकून टाकता येत नाही. २०२३ च्या ‘हॉगवर्ट्स लेगसी’ या गेममध्येही बंड करणारा गॉब्लिन रॅनरॉक हाच खलनायक आहे.

हा प्रश्न मला का छळतो? मी पगारावर कोड लिहितो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. मला ते मान्य आहे; पगार मी त्याचाच घेतो. पण त्याच कायद्यात गॉब्लिनांची रीतही थोडीशी शिरलेली आहे. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर कलम ५३ अ चित्रकाराला त्यात वाटा देतं. आणि कलम ५७ म्हणतं, हक्क विकल्यावरही कर्त्याचं कामाशी नातं तुटत नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवलं. शिल्प सरकारने करवून घेतलेलं, सरकारच्याच मालकीचं. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे उरलेले भाग सहगल यांना परत द्यायला सांगितले, वर पाच लाखांची भरपाई. ग्रिपहूकला हा निकाल आवडला असता.

गॉब्लिनांचा नियम जसाच्या तसा चालणार नाही, हेही खरं. आजीचं पातेलं तिच्यानंतर कासाराला परत द्यायचं म्हटलं तर संसार चालायचा नाही. शिवाय ग्रिपहूक काही संत नाही. तिजोरीत तिघांचा जीव धोक्यात असताना तो तलवार घेऊन पळतो. पण त्याआधी हॅरीने काय ठरवलं होतं? तलवार देण्याचं वचन द्यायचं, कधी देणार ते मात्र सांगायचं नाही. हर्मायनीला हे पटत नाही, हॅरीलाही लाज वाटते. दोन्ही बाजू थोड्या बरोबर, थोड्या लबाड. इथपर्यंत हे प्रौढ वाचकाचं पुस्तक आहे.

मग शेवटच्या लढाईत तलवार जुन्या टोपीतून नेव्हिलच्या हातात येते. गॉब्लिनच्या ताब्यातून ती गेली, त्याबद्दल एक शब्द नाही. एकोणीस वर्षांनंतरच्या प्रकरणातही नाही. नेव्हिलसाठी मीही टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाचताना पुन्हा वाजवीन. पण जादूने वाद मिटत नाही, फक्त वस्तू हलते. तलवार आणायला टोपी पुरली. तिच्यावर हक्क कुणाचा, हे शेल कॉटेजच्या त्या दोन पानांत अजून तसंच पडलेलं आहे.